रक्तात उमटणारी यकृताची हाक : प्रस्तावना

मीरा-भाईंदरमध्ये कुणाला कावीळ झाली की शेजारीपाजारी आधी विचारतात, "उतरवून आणलीत का?" उत्तनच्या कोळीवाड्यापासून मीरा रोडच्या नव्या टॉवरपर्यंत हा प्रश्न सारखाच ऐकू येतो. कावीळ उतरवणारा रुग्णाच्या हाताला कसलासा रस चोळतो, वरून चुन्याचे पाणी ओततो आणि खालच्या परातीत पिवळे पाणी साठते. अंगातली कावीळ डोळ्यांदेखत निघाली, असे रुग्णाला वाटते. आंब्याच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आले की पाणी पिवळे होते, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव करून दाखवले आहे. तरीही विश्वास टिकून आहे, आणि त्यामागे कारण आहे. दूषित पाण्यातून येणारी 'अ' प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय परातीला मिळते.

प्रश्न उरतो तो बरे न होणाऱ्या थोड्यांचा. हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे.

डॉक्टरही वर्षानुवर्षे पिवळ्या रंगावरच लक्ष ठेवून होते. आम्ही तो रंग रिपोर्टवर 'बिलिरुबिन' या नावाने वाचतो. पण दोन रुग्णांचे बिलिरुबिन अगदी एकसारखे असले, तरी एक जण पंधरवड्यात कामावर परततो आणि दुसऱ्याची आठवड्याभरात लघवी कमी होते, गुंगी येते, रक्तदाब घसरतो. रंग तोच, वाट मात्र वेगळी. ही वाट कुठे फुटते, याचे उत्तर शोधताना गेल्या तीन-चार दशकांत संशोधकांची नजर यकृताच्या पेशींवरून प्रतिकारसंस्थेकडे वळली. संकटात शरीराच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. ते निरोप म्हणजे रक्तातली अतिसूक्ष्म प्रथिने. त्यांना सायटोकाइन म्हणतात. यकृत कोसळत असताना हे निरोप रक्तात दाटतात, आणि ते वाचता आले तर रुग्ण कोणत्या वाटेने चालला आहे याचा अंदाज लवकर येऊ शकतो. या विषयाचा गाभा हाच.

नाका आणि पहारेकरी

यकृत म्हणजे कारखाना, अशी उपमा शाळेपासून दिली जाते. पित्त, अल्ब्युमिन, रक्त गोठवणारे घटक तिथे तयार होतात, म्हणून ती चुकीची नाही. पण अपुरी आहे. दहिसर चेक नाक्यावरून रोज जा-ये करणाऱ्या वाचकाला मी दुसरी उपमा देईन. यकृत हा नाका आहे. यकृतात येणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून प्रवेशिनी शिरेवाटे येते. त्या रक्तात अन्नरस असतो, तसेच आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडेही असतात. ते गाळून घेण्यासाठी यकृतात कुप्फर पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात. शरीराच्या अवयवांत वस्तीला असलेल्या भक्षक पेशींचा सर्वांत मोठा समूह हाच.

यकृत जीर्ण आजाराने कडक झाले, त्यात व्रण पडले, की रक्ताला नाक्यातून जायला अडचण होते आणि ते आडवाटांनी पुढे जाते. न तपासलेले जिवाणूंचे तुकडे सर्व शरीरात पोचतात. शिवाय मरणाऱ्या यकृतपेशी स्वतःच्या आतले द्रव्य बाहेर टाकतात. प्रतिकारपेशींना दोन्हीकडून एकच बातमी कळते : घाला पडला आहे. मग इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर अशी चेतवणारी प्रथिने बाहेर पडतात. पाठोपाठ इंटरल्यूकिन-१० सारखी आवरणारी प्रथिनेही येतात. निरोगी शरीरात चेतवणे आणि आवरणे यांचा मेळ बसतो आणि काम संपले की गलका शमतो. यकृत निकामी होताना तो शमत नाही. रक्तवाहिन्या सैलावतात, मूत्रपिंडाला रक्त कमी पडते, मेंदूवर सूज आणि गुंगी येते. म्हणून रुग्णाचा मृत्यू पुष्कळदा एकट्या यकृतामुळे होत नाही. यकृतापासून सुटलेल्या या गदारोळात एकेक अवयव बंद पडत जातो.

निरोप सापडले कसे

या प्रथिनांचा शोध यकृताच्या डॉक्टरांनी लावलेला नाही. १९५७ मध्ये लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांना विषाणूंना अडवणारा इंटरफेरॉन सापडला. १९७५ मध्ये न्यूयॉर्कला लॉइड ओल्ड यांच्या गटाने ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरचे वर्णन केले. एकाच प्रथिनाला वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी वेगवेगळी नावे दिल्याने गोंधळ माजला होता; १९७९ मध्ये 'इंटरल्यूकिन' हे सामाईक नाव ठरले. १९८६ मध्ये ओसाकाच्या तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने इंटरल्यूकिन-६चे जनुक वेगळे केले.

इंटरल्यूकिन-६ या विषयात वारंवार भेटेल, कारण त्याचे यकृताशी थेट बोलणे चालते. त्याचा हुकूम मिळाला की यकृत सीआरपी नावाचे प्रथिन तयार करते. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सापडलेले हे प्रथिन आज गल्लीतल्या लॅबमध्येही मोजले जाते. एरवी सीआरपी चढला की दाह आहे, असे आपण समजतो. पण सीआरपी बनवतो कोण? यकृतच. ते फारच खचले तर हुकूम येऊनही सीआरपी अपेक्षेइतका चढत नाही. अशा रुग्णाचा 'बरा दिसणारा' सीआरपी पाहून निर्धास्त होणे धोक्याचे आहे. हुकूम पाळणाऱ्याचे हात थकले असतील, तर हुकूमच मोजायला हवा. इंटरल्यूकिन-६ थेट मोजण्यामागचा विचार इतका सरळ आहे.

मोजपट्ट्यांचा प्रवास

यकृताचा रुग्ण किती गंभीर आहे हे आकड्यांत मांडण्याची खटपट जुनी आहे. १९६४ मध्ये चाइल्ड आणि टर्कोट यांनी शस्त्रक्रियेआधी रुग्णांची वर्गवारी करण्याची पद्धत दिली. १९७३ मध्ये प्यू यांनी ती सुधारली. अचानक यकृत निकामी होणाऱ्यांसाठी १९८९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजचे निकष आले. २००१ मध्ये मेयो क्लिनिकचे पॅट्रिक कामत आणि सहकाऱ्यांनी 'मेल्ड' हा गुणांक पुढे आणला. बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि क्रिएटिनिन या तीन तपासण्यांवर तो उभा आहे आणि प्रत्यारोपणाच्या जगात तो पायाभूत ठरला. या मोजपट्ट्यांनी अनेकांचे प्राण वाचवले. पण त्या सगळ्या झालेले नुकसान मोजतात. क्रिएटिनिन वाढते तेव्हा मूत्रपिंडाला इजा होऊन गेलेली असते. आग अजून पसरते आहे की विझू लागली, हे त्या विचारत नाहीत.

ते विचारण्याचे पहिले ठळक पाऊल दारूमुळे होणाऱ्या यकृतदाहात पडले. १९९० मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा गंभीर रुग्णांच्या रक्तात ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर वाढलेला असल्याचे दाखवले. मग वाटले, हा निरोपच बंद केला तर रुग्ण वाचेल. तसे औषध संधिवातासाठी उपलब्ध होते. २००४ मध्ये फ्रान्समधील चाचणीत इन्फ्लिक्सिमॅब आणि २००८ मध्ये अमेरिकेतील चाचणीत एटानरसेप्ट वापरून पाहिले गेले. दोन्ही वेळा पदरी नुकसान आले : जंतुसंसर्ग वाढले, मृत्यू वाढले. जो निरोप आग भडकवतो तोच जंतूंशी लढायला फौजही बोलावतो, हा धडा महागात मिळाला. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने तो कायम ध्यानात ठेवावा. एखादे प्रथिन आजाराची खूण आहे म्हणून ते आजाराचे मूळ आहे, असे होत नाही.

तीन घराणी

आज या विषयात ढोबळमानाने तीन विचारधारा दिसतात. घराण्यांसारखीच त्यांची बैठक वेगळी आहे, पण राग एकच आहे. तिघांच्या मध्यभागी एकच आजार आहे : जुन्या यकृतविकारावर अचानक आघात होऊन यकृत ढासळणे. वैद्यकात त्याला 'अक्यूट ऑन क्रॉनिक लिव्हर फेल्युअर' म्हणतात, बोलताना एसीएलएफ. हा शब्द १९९५ मध्ये जपानमधून आला.

पहिले घराणे आशियाई. २००९ मध्ये दिल्लीच्या डॉ. शिवकुमार सरीन यांच्या पुढाकाराने आशिया-पॅसिफिक यकृत संघटनेने एसीएलएफची पहिली सर्वसंमत व्याख्या दिली : बिलिरुबिन ५ किंवा अधिक, आयएनआर १.५ किंवा अधिक, आणि चार आठवड्यांच्या आत पोटात पाणी किंवा गुंगी. या मांडणीत आघात यकृतावर होतो. बाकीचे अवयव नंतर जातात. म्हणून पहिला आठवडा 'सुवर्णसंधी'चा मानला जातो. या दिवसांत दाह जोरात असतो, पण जंतुसंसर्ग अजून शिरलेला नसतो.

दुसरे घराणे युरोपीय. बार्सिलोनाचे विसेंते अरोयो आणि पॅरिसचे रिशार मोरो यांच्या नेतृत्वाखालील 'कॅनोनिक' अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,३४३ रुग्ण होते. सुरुवातीलाच एसीएलएफ असलेल्यांपैकी सुमारे ३४ टक्के २८ दिवसांत दगावले. एसीएलएफ नसलेल्यांत हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास होते. चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्णांत आघाताचे नेमके कारणच सापडले नाही. मात्र पांढऱ्या पेशी आणि सीआरपी वाढलेले होते. २०१६ मध्ये जोआन क्लारिया आणि सहकाऱ्यांनी ५२२ रुग्णांच्या रक्तात २९ सायटोकाइन मोजले. दाह जितका तीव्र तितके अधिक अवयव निकामी, हा संबंध स्पष्ट दिसला. या घराण्याच्या मते हा सबंध शरीराचा दाहजन्य आजार आहे. यकृत हा त्याचा उगम.

तिसरे घराणे 'थकव्या'चे. लंडन आणि जर्मनीतल्या गटांनी दाखवले की या रुग्णांच्या मोनोसाइट या प्रतिकारपेशींवरील एचएलए-डीआर हे ओळखचिन्ह घटते, म्हणजे निरोपांचा पूर आलेला असतानाच पेशी लढायच्या थांबतात. गलका आहे, पण हात चालत नाहीत. जंतुसंसर्ग मग सहज घुसतो. याच विचारातून पांढऱ्या पेशींना चालना देणारे जी-सीएसएफ हे संदेश-प्रथिनच औषध म्हणून दिले गेले. २०१२ मध्ये दिल्लीच्या छोट्या चाचणीत अधिक रुग्ण वाचले. २०२१ मध्ये जर्मनीच्या मोठ्या चाचणीत लाभ दिसला नाही. दिल्लीचे आणि जर्मनीचे रुग्ण वेगळे होते, आजारामागची कारणेही वेगळी होती. वाद मिटलेला नाही, आणि या पुस्तकाने तो मिटवण्याचा आव आणलेला नाही.

या तिन्हींच्या काठावर रक्तद्रव बदलण्याचा उपचार आहे. रुग्णाचा रक्तद्रव काढून निरोगी दात्यांचा घालायचा, म्हणजे साचलेले निरोपही निघून जातात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत, १८२ रुग्णांत, अचानक यकृत निकामी झालेल्यांचे वाचण्याचे प्रमाण यामुळे वाढले. उंदीर मारण्याच्या पिवळ्या फॉस्फरसच्या विषबाधेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हा उपचार वापरला. हे विष आपल्याकडेही किराणा दुकानात सहज मिळत आले आहे, म्हणून हा अनुभव आपल्या कामाचा आहे.

आपल्या दारातली गोष्ट

हा विषय परदेशी प्रयोगशाळांतला आहे असे कुणाला वाटत असेल, तर त्याने २०२० आठवावे. कोविडच्या काळात आपल्याकडच्या घराघरांत 'आयएल-सिक्स किती आला?' हा प्रश्न विचारला जात होता. टोसिलिझुमॅबच्या एका इंजेक्शनसाठी नातेवाईक मुंबई-ठाणे पालथे घालत होते. ते औषध इंटरल्यूकिन-६चा निरोप अडवते. किशिमोतो यांच्या कामातून निघालेली ती शाखा. कोविडने एक गोष्ट सहज केली : निरोप मोजण्याची तपासणी मोठ्या लॅबच्या यादीत कायमची बसली.

त्याच काळात मुंबईत दुसरे काही घडले. डॉ. आभा नगराळ आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सहाही जणांनी प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल घेतली होती, आणि सहाही जणांच्या यकृताला इजा झाली होती. त्यातली एक रुग्ण दगावली. काहींच्या यकृतात स्वतःच्याच प्रतिकारसंस्थेने हल्ला केल्याची चिन्हे होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख चुकली असावी असे म्हटले. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद झाली. वाद कसाही सुटो, शिकवण स्पष्ट आहे. 'प्रतिकारशक्ती वाढवा' हे वाक्य जाहिरातीत गोड वाटते. यकृताच्या रुग्णात मात्र वाढलेली प्रतिक्रियाच घात ठरू शकते.

महाराष्ट्राचा आणखी एक धागा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेपर्यंत जातो. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या 'ई' प्रकारच्या काविळीवर तिथे डॉ. विद्या अरणकल्ले यांनी दीर्घकाळ संशोधन केले. २०१२ मध्ये इचलकरंजीत याच काविळीची मोठी साथ आली. बहुतेक जण बरे झाले. पण गरोदर स्त्रिया आणि आधीच यकृत कमकुवत असलेले रुग्ण या विषाणूपुढे हतबल ठरतात. विषाणू तोच, पाणी तेच. फरक पडतो तो शरीराच्या प्रतिसादात. म्हणून प्रतिसाद मोजावा लागतो.

एका नळीचा प्रवास

मीरा-भाईंदर हे आठ लाखांहून अधिक वस्तीचे शहर आहे. २००२ पासून इथे महानगरपालिका आहे. भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, मोठी खासगी रुग्णालये आहेत. पण यकृत प्रत्यारोपणाचा विचार करायचा म्हणजे बहुधा परळ, अंधेरी, मुलुंड किंवा नवी मुंबई गाठावी लागते. मेंदूमृत दात्याच्या अवयवासाठी मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रात नाव नोंदवावे लागते. घरातल्याने यकृताचा भाग द्यायचा तर त्याच्या तपासण्या, १९९४च्या कायद्यानुसार परवानगी, पैशांची जुळवाजुळव या सगळ्याला दिवस लागतात. आणि या आजारात दिवसच कमी असतात. इथल्या डॉक्टरपुढचा खरा प्रश्न असा असतो : हा रुग्ण आज हलवायचा, की दोन दिवस थांबायचे?

या प्रश्नाला संदेश-प्रथिनांची मदत होऊ शकते. पण कशी, हे एका नळीच्या प्रवासातून समजून घ्यावे. भाईंदरला सकाळी रक्त काढले. जे मोजायचे ते पिकोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात. निरोगी माणसाच्या एका मिलिलिटर रक्तद्रवात इंटरल्यूकिन-६ साधारण ७ पिकोग्रॅमच्या आत असते. नळी न फिरवता, द्रव वेगळा न करता ती दुपारच्या उन्हात पिशवीत राहिली, दहिसरच्या वाहतुकीत अडकली, तर नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि नळीतच नवे निरोप सोडत राहतात. इंटरल्यूकिन-८ अशा वेळी खोटे वाढलेले दिसू शकते. रक्त वेळेत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले का, थंड ठेवले का, किती वाजता काढले, या तीन साध्या नोंदींवर लाखमोलाच्या यंत्राचे उत्तर अवलंबून असते. रक्त गोळा करणाऱ्या मुलाने चिठ्ठीवर लिहिलेली वेळ ही या विज्ञानातली पहिली ओळ आहे.

आकडा नीट आला तरी तो एकटा बोलत नाही. जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, भाजणे, काहीही झाले तरी इंटरल्यूकिन-६ चढते. ते यकृताची खासगी खूण नाही. सगळ्यांनी मान्य केलेली धोक्याची रेषा अजून ठरलेली नाही. एकाही सायटोकाइनने मेल्डसारख्या गुणांकाची जागा घेतलेली नाही. जे आशादायक आहे ते असे : एका आकड्यापेक्षा दोन-तीन दिवसांतला चढ-उतार अधिक सांगतो, आणि जुन्या गुणांकांना या खुणांची जोड दिली तर अंदाज सुधारू शकतो. जाणत्या डॉक्टरच्या हातात हा आणखी एक पुरावा आहे. निवाडा मात्र रुग्णाच्या उशाशी बसूनच द्यावा लागतो.

या पुस्तकाचा प्रयत्न

या विषयावर इंग्रजीत भरपूर लिहिले जाते, पण ते तज्ज्ञांसाठी. मराठीत यकृतावर पथ्य-अपथ्याची पुस्तके आहेत, प्रतिकारशक्तीवर काढ्यांची. यकृत निकामी होताना रक्तात काय घडते, हे समजावून सांगणारे लेखन विरळाच. हा संग्रह ती जागा भरू पाहतो. यात यकृततज्ज्ञ आहेत, अतिदक्षता विभागात रात्री काढणारे आहेत, आणि नळ्या हाताळणारे प्रयोगशाळेतले तंत्रज्ञही आहेत. त्यांना एकत्र आणण्यामागे हेतू आहे. निरोप रक्तात उमटतो रुग्णाच्या, तो वाचतो तंत्रज्ञ, आणि त्यावर पाऊल उचलतो डॉक्टर. या तिघांची भाषा एक झाली नाही तर निरोप वाटेतच हरवतो.

पुस्तक उपचारांची यादी देत नाही, आणि देऊ नये. ते वैद्यकीय विद्यार्थ्याला वाद कुठे आहे ते दाखवेल, फॅमिली डॉक्टरला कोणत्या रिपोर्टपाशी थबकायचे ते सांगेल, आणि रुग्णाच्या माणसांना तज्ज्ञापुढे नेमका प्रश्न विचारता येईल इतके बळ देईल. शेवटचे मला सर्वांत मोलाचे वाटते. जे नातेवाईक विचारतात, तेच निर्णयात भाग घेतात.

भाईंदरमध्ये रुग्ण तपासत असताना मला सतत बोचत आलेली गोष्ट सांगून थांबतो. उशिरा आलेले बहुतेक रुग्ण दुर्लक्षामुळे उशिरा आलेले नसतात. घरच्यांनी सगळे केलेले असते : परात, माळ, ऊस, पथ्य. त्यांनी रंगावर लक्ष ठेवले. आजार रंगापलीकडे गेला होता. म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे. काविळीच्या रुग्णाला दिवसा झोप आणि रात्री जाग येऊ लागली, बोलणे असंबद्ध झाले, लघवी कमी झाली, पोट फुगले किंवा ताप आला, तर डोळ्यांचा पिवळेपणा मोजत बसू नका. त्याच दिवशी त्याला मोठ्या रुग्णालयात न्या, आणि आधीचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून सोबत घ्या.